नवं करूनही पुन्हा कोंदट वाटणारं लहान बाथरूम: दोष कुठे शोधायचा, दुरुस्ती कुठून सुरू करायची

बाथरूम लहान आहे म्हणून टाइल्स बदलल्या. फिका रंग घेतला, नळ नवे बसवले, आरसा लावला. पहिले काही आठवडे आत गेल्यावर खरंच मोकळं वाटलं. मग हळूहळू तेच सुरू झालं: आत पाऊल टाकलं की भिंती अंगावर येतात, अंग पुसताना कोपर आपटतं, आंघोळ उरकून कधी एकदा बाहेर पडतो असं होतं. लहान बाथरूमबद्दल लोक विचारतात तेव्हा बहुतेकदा प्रश्न हाच असतो, आणि तो एकदा खर्च करून झाल्यावर विचारलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. या दुखण्यावरच्या उपायांत टाइल्स आणि रंग यांचा नंबर बराच खाली लागतो. जागा मोकळी वाटते की नाही हे आधी ठरतं ते दारातून किती फरशी दिसते, आत वावरताना शरीर किती वेळा अडतं आणि आंघोळीनंतर खोली किती लवकर कोरडी होते यावरून. हे सगळं तसंच ठेवून भिंती तेवढ्या बदलल्या, तर नवेपणा आहे तोवर बरं वाटतं आणि तो ओसरला की मूळ अडचण पुन्हा समोर उभी राहते. म्हणून आधी दोष शोधा. गवंड्याला नंतर बोलावता येतं.

पहिली तपासणी: दारातून काढलेला एक फोटो

दार पूर्ण उघडा, उंबऱ्यावर उभे राहा आणि मोबाइलवर फोटो काढा. काहीही आवरू नका, आहे तसाच काढा. रोजच्या जागेतल्या वस्तू आपल्याला दिसेनाशा होतात. फोटोत त्या लख्ख दिसतात. आता फोटोत एकच गोष्ट शोधा: फरशी समोरच्या भिंतीला जिथे मिळते ती रेघ. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसते का? की मध्ये बादली, डस्टबिन, बेसिनखालचं कपाट, कमोडचा पाया, पडद्याची झालर असं काही आहे?

खोली कुठे संपते याचा अंदाज आपण याच कडेवरून बांधतो. कड झाकली गेली की खोली तिथेच संपल्यासारखी वाटते, मग भिंत मागे आणखी दीड फूट लांब का असेना. म्हणून एकाच मापाची दोन बाथरूम शेजारी शेजारी असली तरी एक प्रशस्त आणि दुसरं अडगळीचं वाटू शकतं. ज्या फोटोत फरशीची मागची कड निम्मीसुद्धा दिसत नाही, त्या बाथरूममध्ये नव्या टाइल्स लावणं म्हणजे दुखणं पोटात आणि मलम डोक्याला.

दुसरी तपासणी शरीराने करायची. आत जा, दार लावा आणि रोजच्या हालचाली कोरड्या अंगाने करून बघा: वाकून पाय धुणं, डोळे मिटून साबणाकडे हात नेणं, टॉवेलने पाठ पुसणं, कमोडवरून उठणं, बेसिनवर वाकून चूळ भरणं. जिथे जिथे हात, खांदा, गुडघा किंवा डोकं लागेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. पाच मिनिटांत दुरुस्तीची खरी यादी भिंतींवर तयार होते. बहुतेक बाथरूममध्ये हे तुकडे सगळीकडे विखुरलेले नसतात, दोन-तीन ठिकाणीच गोळा होतात. त्यातलं एक ठिकाण हमखास दाराजवळ असतं.

दाराचा पल्ला

आत उघडणारं दार किती जागा खातं याचा हिशोब सहसा कोणी करत नाही. पल्ला ३० इंच रुंद असेल तर तो उघडताना पाव वर्तुळ फिरतो आणि जवळपास ५ चौरस फूट फरशी अडवतो. चार फूट बाय सात फूट, म्हणजे २८ चौरस फुटांच्या बाथरूममध्ये हा सहावा हिस्सा झाला. तिथे काही ठेवता येत नाही, आणि आत गेल्यावर दार लावण्यासाठी आधी कमोडला किंवा बेसिनला खेटून उभं राहावं लागतं. आत शिरतानाची ती पहिली कसरतच सांगते, जागा अपुरी आहे. त्यानंतर भिंती कितीही सुंदर असल्या तरी मनावरचा तो ठसा पुसला जात नाही.

दार बाहेर उघडेल असं करता आलं तर सगळ्यात आधी तेच करा. चौकट तीच ठेवून बिजागऱ्या आणि पल्ला फिरवून घेता येतो. सुतार आधी चौकटीची खाच कोणत्या बाजूला आहे ते बघेल, कारण पल्ला जिथे टेकतो ती पट्टी बदलावी लागते. बाहेर उघडणाऱ्या दाराचा आणखी एक फायदा आहे आणि तो जागेपेक्षा मोठा आहे: आत कोणी घसरून पडलं तर त्याच्या अंगाने दार अडत नाही, बाहेरून उघडून मदतीला जाता येतं. घरात वयस्कर माणसं असतील तर केवळ एवढ्यासाठी हा बदल करावा. कडीसुद्धा गरज पडली तर बाहेरून उघडता येईल अशी घ्या.

बाहेर बोळ अरुंद असेल किंवा समोर दुसरं दार असेल तर सरकतं दार हा पर्याय आहे. भिंतीच्या बाहेरून सरकणारं दार बसवायला सोपं, पण त्याच्या कडेने आवाज आणि वास बाहेर येतो, हे गृहीत धरून घ्या. भिंतीच्या पोटात सरकणारं दार दिसायला उत्तम, मात्र त्या भिंतीत नळाचे पाइप किंवा विजेचे डबे असतील तर ते शक्य नाही. दोन घड्यांत दुमडणारं दार आतली जागा निम्म्याहून कमी खातं. त्याच्या बिजागऱ्या आणि वरची पट्टी चांगल्या प्रतीची घ्या, ओलाव्यात स्वस्त सामान लवकर अडायला लागतं.

कमोड आणि बेसिन: मापं कागदावर नको, फरशीवर घ्या

काही आकडे डोक्यात असलेले बरे. इंटरनॅशनल प्लंबिंग कोड या नळकामाच्या नियमावलीनुसार कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच आणि कमोडसमोर किमान २१ इंच जागा लागते. बेसिनच्या मध्यापासून भिंतीपर्यंतही तेच १५ इंच. हे किमान आहे, ऐसपैस नव्हे. तुमच्या टेपच्या खुणा कमोडच्या एकाच बाजूला जमल्या असतील तर हे अंतर मोजा. बहुधा ते १५ इंचांपेक्षा कमी निघेल. तसं असेल तर कुठल्याही रंगाने फरक पडणार नाही. कमोड सरकवणं किंवा शेजारची वस्तू लहान करणं एवढेच मार्ग उरतात.

भिंतीला टांगलेल्या कमोडबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तो जमिनीवरच्या कमोडपेक्षा आखूड असतो हे खरं, पण त्याची टाकी आणि लोखंडी फ्रेम भिंतीत दडवावी लागते. जुनी भिंत खोदता येत नसेल तर तिच्यापुढे नवी पाऊण किंवा अर्धी भिंत उभी करतात आणि कमोडमध्ये वाचलेले इंच तिथे खर्च होतात. म्हणजे लांबीत फायदा थोडाच. खरा फायदा आहे तो खाली मोकळ्या राहिलेल्या फरशीचा: दारातून बघताना ती मागची कड पुन्हा दिसते आणि पुसायलाही सोपं जातं. शिवाय अर्धी भिंत बांधली तर तिच्यावर सलग कट्टा मिळतो. या कारणांसाठी टांगता कमोड घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. इंच वाचतील या आशेने घेणार असाल तर आधी फ्रेमची जाडी धरून माप काढा.

बेसिनच्या बाबतीत इंच खरोखर वाचतात. नेहमीचं बेसिन भिंतीपासून ४५ ते ५० सेंटीमीटर पुढे येतं. ३० ते ३५ सेंटीमीटरचंही मिळतं आणि हात-तोंड धुण्याला ते पुरतं. अशा चपट्या बेसिनवर नळ मागे न बसवता बाजूला बसवलेला असेल तर भांड्याची जागा पूर्ण वापरता येते. कोपरे गोल घ्या; अरुंद जागेत मांडीला लागणारा टोकदार कोपरा रोज आठवण करून देतो की इथे जागा नाही. बेसिनखाली जमिनीपर्यंत कपाट करायचा मोह होतो, तो आवरा. कपाट हवंच असेल तर ते टांगतं, जमिनीपासून निदान एक फूट वर.

खरेदीच्या आधी जुन्या वर्तमानपत्रातून बेसिन आणि कमोड खऱ्या मापाचे कापा, जागेवर अंथरा आणि वर सांगितलेल्या हालचाली पुन्हा करा. दुकानातल्या मोठ्या दालनात सगळंच लहान आणि सुबक दिसतं.

दोष परत का येतो: जमिनीवर साचणाऱ्या वस्तू

नूतनीकरणानंतर बाथरूम मोकळं वाटतं त्यामागे एक साधं कारण असतं: तेव्हा ते रिकामं असतं. मग एकेक वस्तू परत येते. शाम्पूची बाटली खिडकीच्या कठड्यावर, कपडे धुण्याची पावडर कोपऱ्यात, ब्रश कमोडमागे, बादलीत बादली, दाराच्या मागे चार ओले टॉवेल. त्या वस्तूंना जागा आखलेली नव्हती, म्हणून त्यांनी सापडली ती जागा घेतली. तक्रार परत येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि आराखड्यात त्याचा विचार सगळ्यात कमी होतो.

उपाय मोजणीपासून सुरू होतो. बाथरूममधल्या सगळ्या वस्तू बाहेर काढून एका चादरीवर मांडा. त्यांचे तीन ढीग होतात: रोज ओल्या हाताने लागणाऱ्या, रोज कोरड्या हाताने लागणाऱ्या आणि कधीतरी लागणाऱ्या. तिसरा ढीग बाथरूममध्ये परत न्यायचाच नाही. दुसऱ्यासाठी आरशामागचं उथळ कपाट पुरतं. दहा-बारा सेंटीमीटर खोली असली की बाटल्या, पेस्ट, दाढीचं सामान सगळं एका रांगेत उभं राहतं आणि मागे काही दडत नाही. खांद्याच्या उंचीवर याहून खोल शेल्फ लावू नका. डोळ्यांसमोर आलेलं आठ-दहा इंची शेल्फ आख्खी भिंत पुढे ओढल्यासारखं वाटतं.

पहिल्या ढिगासाठी शॉवरच्या भिंतीत कोनाडा हा सगळ्यात चांगला उपाय, कारण तो खोलीतली जागा न घेता भिंतीतली घेतो. नऊ-दहा सेंटीमीटर खोल कोनाड्यात मोठी बाटली बसते. त्याची रुंदी टाइलच्या मापाला जुळवून घेतली तर कडेला कपच्या लावाव्या लागत नाहीत. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने किंचित उतार द्यायला गवंड्याला आवर्जून सांगा, नाहीतर साबणाचं पाणी कायम साचतं. आतल्या पाचही बाजूंना वॉटरप्रूफिंग झालं पाहिजे. कॉलम, बीम किंवा भार पेलणाऱ्या भिंतीत कोनाडा खोदायचा नाही. भिंत कोणत्या प्रकारची आहे हे माहीत नसेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका.

दाराच्या वरची भिंत जवळजवळ प्रत्येक बाथरूममध्ये रिकामी असते. आत उभ्या माणसाची पाठ तिकडे असते, त्यामुळे तिथे खोल शेल्फ लावलं तरी अंगावर येत नाही. कागदाचे रोल, जादा साबण, स्वच्छतेचं सामान तिथे जातं. टॉवेलांचं म्हणाल तर वापरलेला टॉवेल बाहेर हवेशीर जागी वाळू द्या. दाराच्या खुंटीवर एकावर एक टांगलेले ओले टॉवेल जागाही खातात आणि दमटपणाही टिकवून ठेवतात.

ओल आणि वाफ

ओलं बाथरूम नेहमी लहान वाटतं. पाणी साचलेल्या जागी आपण पाऊल टाकत नाही, म्हणजे वापरण्याची फरशी आपोआप कमी होते. एक तांब्या पाणी दाराजवळ ओता आणि बघत राहा. ते जाळीकडे सरळ वाहत गेलं पाहिजे. कमोडच्या मागे वळलं, मधेच थांबलं किंवा उंबऱ्याकडे आलं तर उतार चुकलेला आहे. मीटरला एक ते दोन सेंटीमीटर उतार पुरतो. जाळी मध्यभागी असली की चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो आणि मोठ्या टाइल्स तिरक्या कापाव्या लागतात. भिंतीला लागून लांबट पट्टीसारखी जाळी घेतली तर उतार एकाच दिशेने देता येतो, टाइल्स अखंड राहतात आणि पाणीही लवकर निघून जातं. फरशी तशीही उकरणार असाल तर हा बदल त्याच वेळी करून घ्या.

वाफेचं नुकसान हळूहळू होतं. आरसा धुरकट, सांधे काळे, छताच्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके, आणि कायमचा एक कोंदट वास. नव्या टाइल्सचा उजळपणा वर्षभरात मावळतो तो बहुधा याने. एक्झॉस्ट पंखा चालतोय एवढ्यावर समाधान मानू नका. पातळ टिश्यू पेपर त्याच्या जाळीला लावून हात काढून घ्या. कागद चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय. गळून पडला तर पंखा नुसता आवाज करतोय. मग पात्यांवरची धूळ, बाहेरची अडकलेली झडप आणि दाराखालची फट या क्रमाने बघा. फट फार महत्त्वाची आहे. बाहेरून हवा आत आलीच नाही तर पंखा ओढणार काय? दाराखाली दीड-दोन सेंटीमीटर मोकळे हवेत.

पंख्याच्या क्षमतेबद्दल: ‘ॲशरे’ या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेच्या मानकानुसार गरजेपुरत्या चालवायच्या बाथरूमच्या पंख्याने मिनिटाला ५० घनफूट हवा बाहेर टाकावी. लहान बाथरूमला तेवढा पंखा भरपूर होतो. तो आंघोळीनंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या. टायमरचं बटण असेल तर आठवण ठेवावी लागत नाही.

उजेड: रात्रीची टॉर्च-चाचणी

छताच्या मध्यावर एकच दिवा असला की उजेड फरशीवर आणि आपल्या डोक्यावर पडतो, भिंतींचे वरचे कोपरे अंधारात राहतात. कोपरा दिसला नाही की तिथली जागा असून नसल्यासारखी होते. हे पटवून घ्यायचं असेल तर रात्री बाथरूमचा दिवा बंद करा, दारात उभे राहा आणि टॉर्चचा झोत आधी फरशीवर टाका, मग समोरच्या भिंतीवर, मग छतावर, मग कोपऱ्यात. झोत समोरच्या भिंतीवर गेला की खोली एकदम खोल झाल्यासारखी वाटते आणि फरशीवर आला की आवळते. ज्या जागी झोत टाकल्यावर सगळ्यात बरं वाटलं, पुढचा दिवा त्या जागेसाठी.

आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे लावले तर चेहऱ्यावर सावली पडत नाही आणि शेजारची भिंतही उजळते. रंगछटा ३००० ते ४००० केल्विनच्या दरम्यान ठेवा. त्याहून निळसर पांढरा प्रकाश लहान जागेत बोचतो. रंग अचूक दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या आसपास असेल तर त्वचा आणि टाइल्स निस्तेज दिसत नाहीत. पण एका बाथरूममध्ये दोन वेगळ्या छटांचे दिवे नकोत. त्याने जागेचे तुकडे पडतात.

इथे सुरक्षिततेत तडजोड नाही. विजेच्या आंतरराष्ट्रीय मानकात टबाच्या किंवा शॉवरच्या जागेतला फरशीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग आणि त्याच्या कडेचे ६० सेंटीमीटर हे वेगळे विभाग धरले आहेत, आणि तिथल्या दिव्यांना शिंतोड्यांपासून संरक्षण, म्हणजे निदान आयपीएक्स ४ दर्जा, बंधनकारक आहे. आयपी ४४ लिहिलेला दिवा त्यात बसतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

खिडकी असेल तर तिच्या कठड्यावरच्या बाटल्या आजच काढा. आडोसा हवा म्हणून जाड पडदा लावण्याऐवजी काचेला दुधी फिल्म लावली तर उजेड जवळजवळ तेवढाच येतो.

आरसा

मोठा आरसा लावा, हा सल्ला बरोबर आहे पण अर्धा आहे. आरसा जे समोर असेल तेच दुप्पट करतो. समोर खिडकी किंवा उजळलेली मोकळी भिंत असेल तर जागा वाढते; समोर कमोड, गिझर आणि टांगलेले कपडे असतील तर अडगळ वाढते. म्हणून लावण्याआधी छोटा आरसा हातात धरून त्या भिंतीवर फिरवा आणि दारातून काय दिसतं ते दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा.

बेसिनच्या भिंतीवर आरसा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नेला तर त्याची कडच दिसत नाही आणि परिणाम सर्वात चांगला साधतो. चौकट असलेला मधलाच छोटा आरसा नुसतं चित्र टांगल्यासारखा दिसतो. खालची कड बेसिनच्या ओट्याला टेकवू नका, थोडी फट ठेवून सिलिकॉनने बंद करा. पाणी मागे शिरलं की कडेपासून काळे डाग पसरतात आणि ते कधीच जात नाहीत.

आता टाइल्स

वरचं सगळं झालं असेल तर टाइल्सवर केलेला खर्च वाया जात नाही. आकार मोठा घ्या म्हणजे सांधे कमी होतील, आणि सांध्यांत भरायचं ग्राउट टाइलच्या रंगाला अगदी जुळणारं घ्या. पांढऱ्या टाइलमध्ये गडद रेघा ओढल्या की डोळा चौकोन मोजत बसतो आणि मोठ्या टाइलचा फायदा जातो. कडा यंत्रावर एकसारख्या कापलेल्या टाइल्स असतील तर सांधा दोन-तीन मिलिमीटरवर आणता येतो. इपॉक्सी ग्राउट पाणी शोषत नाही, म्हणून ओल्या भागात तेच वापरा. मात्र भरताना कारागिराने लगेच पुसून घेतलं पाहिजे, सुकल्यावर त्याचा थर खरवडून काढणं जिकिरीचं होतं.

फरशीसाठी चकचकीत टाइल नकोच. प्रतिबिंबाने जागा मोठी वाटेल म्हणून लोक ती घेतात आणि मग घसरण्याच्या भीतीने वर रबरी मॅट टाकतात. तीच मॅट फरशीचे दोन तुकडे करते. अनवाणी पाय टाइलवर किती घसरतो यासाठीच्या जर्मन मानकात ए, बी, सी असे चढते दर्जे आहेत. शॉवरखाली बी किंवा त्याहून वरचा घ्या.

भिंतीच्या मध्यातून जाणारी नक्षीची पट्टी काढून टाका. ती भिंतीला कमरेत कापते. तसंच टाइल्स सात फुटांवर थांबवून वर वेगळा रंग दिला की छत खाली आल्यासारखं वाटतं. एकतर छतापर्यंत टाइल्स न्या, नाहीतर वरच्या पट्ट्याला आणि छताला टाइलच्याच छटेचा रंग द्या. याला आधार आहे. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली खोलीच्या उंचीबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. छत फिकं असलं की खोली उंच वाटते आणि भिंतीही फिक्या असल्या की त्यात भर पडते, असं त्यांना आढळलं. फरशीच्या फिकेपणाने मात्र उंचीवर फरक पडला नाही. त्यामुळे फरशी थोडी गडद घेतली तरी काही बिघडत नाही, आणि मळ कमी दिसतो हा फायदाच.

उभ्या रेघांनी उंची वाढते असं सर्रास सांगितलं जातं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद दिसतो. म्हणून रेघांच्या दिशेवर फार भिस्त ठेवू नका. कापलेली टाइल कुठे येते याकडे लक्ष द्या. काम सुरू होण्यापूर्वी कारागिराला टाइल्स कोरड्या मांडून दाखवायला सांगा: दारातून समोर दिसणाऱ्या कोपऱ्यात अख्खी टाइल यावी आणि कापलेले तुकडे दारामागे किंवा कमोडमागे जावेत. डोळ्यांसमोर दोन इंचांची कपची आली की जागा ठिगळ लावल्यासारखी दिसते.

शॉवरचा भाग वेगळा करायचा तर पारदर्शक, टफन्ड काच. दुधी काच आणि गडद पडदा दोन्ही भिंतीसारखेच वागतात. काचेवर क्षारांचे डाग जमले की तीही दुधी होते, म्हणून आंघोळीनंतर रबरी वायपर फिरवण्याची तयारी असेल तरच ती घ्या. नसेल तर फिक्या रंगाचा पडदा बरा, पण तो छतालगत टांगा आणि वापर झाला की पूर्ण सरकवून ठेवा. शॉवरभोवतीचा उंच कट्टाही काढता येतो. उतार नीट असेल तर एक-दीड सेंटीमीटरचा उतरता पट्टा पाणी अडवायला पुरतो आणि फरशी सलग दिसते.

तोडफोड करताच येत नसेल तर

घर भाड्याचं आहे किंवा सध्या काम काढायचं नाही, असं असेल तर क्रम असा ठेवा. तिसरा ढीग बाहेर. जमिनीवर काहीही नाही. बादलीसुद्धा वापर झाल्यावर भिंतीवरच्या भक्कम खुंटीला. दाराखालची फट आणि पंखा तपासलेला. दिव्याचा बल्ब बदलून समोरच्या भिंतीकडे वळणारा. सांधे घासून, ग्राउटच्या रंगाच्या पेनाने एकसारखे केलेले. टाइल्सवरचे स्टिकर, जुन्या खुंट्या, शोभेच्या वस्तू काढलेल्या. आरशाच्या जागी त्याच हुकांवर बसेल असा मोठा आरसा. टॉवेल, पडदा आणि बाटल्यांचे डबे एकाच फिक्या रंगाचे.

एवढं झाल्यावर दारातून पुन्हा तोच फोटो काढा आणि पहिल्याशेजारी ठेवून बघा. फरशीची मागची कड आता सलग दिसत असेल आणि तरीही आत गुदमरल्यासारखं होत असेल, तर दोष मापाचा आहे: कमोडच्या बाजूचे १५ इंच, समोरचे २१ इंच आणि दाराचा फेर. ती तीन मापं लिहून काढा आणि कारागिराशी बोलणं तिथूनच सुरू करा, टाइल्सच्या कॅटलॉगपासून नको.